कोयत्यात न धरलेली

शेख सर वर्गात आले की हजेरीआधी खिडकीबाहेर बोट दाखवायचे. "काय चाललंय ते?" नुसतं 'मेंढ्या' म्हटलेलं त्यांना चालत नसे. सगळ्या वर्गानं ओरडायचं, "अ फ्लॉक ऑफ शीप!" लासूर स्टेशनच्या आमच्या शाळेत इंग्रजीची भीती अशीच मोडली. सर म्हणायचे, "शब्द घोळक्यानं ध्यानात ठेवा रे. एकटा शब्द हरवतो."

या खेळात माझी धाकटी बहीण रंजू सगळ्यांच्या पुढे. ती पाचवीत, मी सातवीत. सुट्टीत आमच्या वर्गाच्या दाराशी येऊन ती उत्तरं ओरडून पळायची.

एकदा पुस्तकात 'अ गँग ऑफ थीव्ह्ज' आलं. सरांनी मराठीत सांगितलं, चोरांची टोळी. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्याचा बाप बी जातो की टोळीत!" आईवडील दरवर्षी ऊसतोडीच्या टोळीत जात. मी मान खाली घातली. सरांनी फळा पुसून लिहिलं, 'अ गँग ऑफ लेबरर्स'. "हे पण डिक्शनरीत आहे. पुस्तकवाल्यानं आधी हेच लिहायला पाहिजे होतं. सकाळी चहा गोड लागला का रे, गधड्या? साखर कुणी धाडली?"

त्या दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक वस्तीवर लागला, तेव्हा सर सायकलवरून आले आणि वडिलांना म्हणाले, "भानुदास, दोन्ही लेकरं माझ्या घरी ठेवा."

"पोरगा ठिवा सर. पोरगी नाय जमायची. तान्ह्याला कोण बघंल?"

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. आगाऊ पैशांची उचल त्यावरच मिळते. सरांनी विचारलं, "तुम्ही दोघं मिळून एक कोयता. मग ही पोरगी कशात धरली?"

"कशातच नाय सर. ती नुसती संगं येती."

तान्ह्या भावाला काखेत घेऊन रंजू ट्रकवर चढली. वरून ओरडली, "सर, आम्हाला काय म्हणायचं?" सरांनी बोट उचललं, तोवर ट्रक हलला.

संक्रांतीच्या सुमारास कारखान्याच्या वाटेवर उसाची ट्रॉली उलटली. तान्हा आईपाशी होता; उसावर बसलेली रंजू उसाखाली गेली. मुकादमाच्या हिशेबात एकही कोयता कमी झाला नाही.

त्यानंतर सरांनी खिडकीकडे बोट दाखवणं सोडलं. मात्र दर दिवाळीनंतर ट्रकापाशी जाऊन उभे राहत. "आधी पोरगी उतरवा. पोराचं मागून बघू." कुणी उतरवत, कुणी शिव्या देत. "देऊ दे. शिव्यांची ऊब हिवाळाभर पुरते," म्हणत सर सायकल वळवायचे. मी दहावीपर्यंत त्यांच्याच घरी राहिलो. पदवीधर झालो, चिकलठाण्यात नोकरीला लागलो. पहिले पेढे त्यांनी हातात घेतले आणि विचारलं, "रंजू आत्ता काय करत असती रे?"

गेल्या उन्हाळ्यात पुंडलिकनगरला मुलाच्या घरी सर वारले. वडील तेव्हा डोळे दाखवायला माझ्याकडे आले होते. मी मातीला निघालो तर तेही चपला घालून उभे.

कब्रस्तानात सरांच्या मुलानं मला ओळखलं. मग वडिलांकडे बघून हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही अब्बांचे कोण?"

"कुणी नाय बापू," वडील म्हणाले. "नुसता संगं आलोय."

त्यांनी वाकून मूठभर माती घेतली. सगळ्यांची टाकून झाली, तरी त्यांची मूठ उघडेना.