नुसतं मागे बसायचं

राज्य नवं होतं आणि त्याला बदल्यांची भारी हौस होती. मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश आलं, आणि जे कागद पूर्वी इंदुरातल्या इंदुरात फिरायचे ते भोपाळहून यायला लागले. तिथल्या कुणा साहेबाने माझी बदली मानपूरच्या मुलींच्या शाळेत केली. आम्ही राहायचो इंदूरच्या स्नेहलतागंजात. मानपूर पडलं आग्रा-मुंबई रस्त्यावर, महूच्याही पलीकडे. संध्याकाळी परतायला बस होती. सकाळची पहिली बस मात्र महूला इतकी रेंगाळायची की प्रार्थना, हजेरी आणि बहुतेक वेळा पहिला तासही उरकल्यावर मी धापा टाकत शाळेत शिरायचे. वर्गातल्या मुली मला बघून हसायच्या. मुली हसल्या तर चालतं. बडी बहनजी हसायच्या नाहीत.

बडी बहनजी म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. एकट्या राहणाऱ्या, कडक, पण मनाने वाईट नव्हत्या. दसऱ्याच्या आधी त्यांनी मला बोलावून घेतलं. "देखो बहनजी, मैंने बहुत सँभाला. दिवाली के बाद भी यही रहा तो मुझे ऊपर लिखना पडेगा," त्या म्हणाल्या. वर लिहिणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. असा एक शेरा गेला की ती गेलीच. आणि ही नोकरी मी लग्नाआधी, वडिलांशी भांडून, मिळवलेली होती.

मोटारसायकल घेऊ या, ही कल्पना माझी. हे इथे स्पष्ट सांगून ठेवते, कारण पुढे ती घरात सगळ्यांची झाली, फक्त माझी राहिली नाही. हिशेब सरळ होता. आमचे हे पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात फोरमन होते आणि त्यांची पाळी दुसरी, म्हणजे दुपारची. सकाळी मला मानपूरला सोडायचं, परत यायचं, जेवायचं, कामावर जायचं. दिवाळीपर्यंत गाडी दारात आली की माझा प्रश्न मिटला. ह्यांना मी सांगितलं तेव्हा ह्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, केवढी काळजी आहे माझी!

काळजी होती, नाही असं नाही. पण चमक दुसऱ्याच गोष्टीची होती.

त्या काळी त्या रस्त्याचं डांबर एका गाडीपुरतं होतं. समोरून ट्रक आला की ट्रक डांबरावर राहायचा आणि बाकी सगळ्यांनी खालच्या कच्च्यात उतरायचं. गाडी फार हलकी असली तर ट्रकच्या वाऱ्याने डगमगते, फार जड असली तर कच्च्यातून वर चढताना आडवी होते. म्हणजे पाहिजे मधल्या वजनाची. एवढ्यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं आणि इथून पुढे कशावरच झालं नाही. दर रविवारी कुणाची ना कुणाची गाडी अंगणात यायची. हे तिच्यावर बसायचे, उतरायचे, वाकून इंजिन बघायचे. शेजारच्या गॅरेजातला मिस्त्री, ज्याला हे उस्ताद म्हणायचे, तो कान देऊन आवाज ऐकायचा. आणि ओट्यावरून मामंजी.

मामंजींचे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते. स्वतः मामंजींनी हयात दफ्तरात कागद चाळण्यात घालवली, घोड्यावर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नाही; पण सवारी निवडायची म्हटल्यावर त्यांच्यातला रिसालदार जागा व्हायचा. काठी टेकत ते गाडीभोवती एक फेरी मारायचे, पुढून छाती बघायचे, मागून ढुंगण बघायचे, टाकीवर थाप मारायचे. एक चांगली अडीचशे सीसीची गाडी त्यांनी केवळ ती स्टँडवर एका अंगाला कलून उभी होती म्हणून नापास केली. "जनावर थकेल आहे," म्हणाले. दुसरी काळी होती म्हणून गेली. ह्यांनी बापाला समजवावं की नाही? हे म्हणाले, "दादा म्हणतात त्यात काही तरी असेल न."

मी चहा करत होते. किती चहा केला त्या सगळ्या रविवारी, त्याची गणतीच नाही.

ह्यांच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याची साडेतीनशेची गाडी विकायची होती. एका सिलिंडरची, हळू हळू ठोके देत चालणारी. योगायोगाने एका रविवारी हे मला घेऊन तिच्यावरून माझ्या मावशीकडे राऊला जाऊन आले. मी मागे बसले आणि मला लगेच कळलं, हीच. सीट रुंद आणि खाली. डाव्या अंगाला पाय ठेवायला आडवी पट्टी, साडीसाठी जाळी. सायलेन्सर उजवीकडे. आम्ही बायका साडीत एका अंगाने बसतो, दोन्ही पाय डावीकडे. तेव्हा तापणारी नळी उजवीकडे असणं ही किती मोठी गोष्ट आहे ते पँट घालणाऱ्याला आयुष्यात कळायचं नाही. राऊजवळ ट्रक अंगावरून गेला तरी गाडी जागची हलली नाही. कच्च्यात उतरली, वर चढली, आणि मला सीटला नखं रोवावी लागली नाहीत.

घरी येऊन मी म्हटलं, "अहो, ही घेऊन टाका."

"ही?" हे हसले. "अगं, ही तर दूधवाल्यांची गाडी आहे. केटल्या टांगायची. हाइवेवर मजा कुठे येणार हिच्यात?"

"मला मजा नको. मला शाळेत वेळेवर पोचायचंय."

"पोचशील ग. तू कशाला फिकर करते? तुला तर नुसतं मागे बसायचंच आहे."

उस्तादही हसला. मामंजीसुद्धा हसले. मी आत गेले आणि पोळीच्या कणकेवर राग काढला. नुसतं बसायचं! त्या रस्त्यावर चालवणाऱ्याला खड्डा दिसतो, मागच्याला तो कळतो. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, मागच्याच्या हातात चालवणाऱ्याचा सदरा. ज्या एकाच माणसासाठी ही गाडी घ्यायची होती, त्याला सोडून आख्ख्या गल्लीचं मत घेऊन झालं होतं. पुढच्या आठवड्यात ती साडेतीनशेची देवासच्या एका कंत्राटदाराने नेली. हे म्हणाले, "जाऊ दे, ह्याहून बढिया मिळेल."

मिळाली. महूच्या छावणीतून एक फौजी साहेब बदलून चालले होते, त्यांची. विलायती, पाचशेची, दोन सिलिंडरची, स्पोर्ट म्हणतात तसली. हँडल खाली, टाकी लांब, रंग लाल. मामंजींनी फेरी मारली, थाप मारली आणि ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ह्याला म्हणतात जनावर." घरात असा आनंद झाला की जणू मुलगाच झाला. मी ओवाळायला तबक घेऊन बाहेर आले आणि पाहिलं तर गाडीला मागे सीटच नव्हती. एका माणसाचं खोगीर, त्याच्या मागे उघडा पत्रा. आणि दोन्ही सायलेन्सर डाव्या अंगाने वर चढवलेले, बरोबर जिथे माझे पाय यायचे तिथून.

मी तबक हातात धरून विचारलं, "मी कुठे बसू?"

उस्ताद म्हणाला, "भाभीजी, स्पोर्ट गाडी है, ये ऐसीच आती है. पीछे अपन सीट बनवा लेंगे, एकदम फस्क्लास."

"किती दिवसात?"

"अरे भिया, आठ दिन," तो ह्यांच्याकडे बघून म्हणाला. प्रश्न मी विचारला होता.

त्या आठ दिवसांची कहाणी सांगत बसत नाही. आधी लोखंडी सांगाडा चुकला, मग फोम मिळेना, मग सीट शिवणारा त्याच्या गावी गेला. हे रोज सकाळी गाडी पुसायचे, एकटेच देवासपर्यंत जाऊन यायचे, इंजिन मोकळं व्हायला पाहिजे म्हणून. मी रोज सकाळी बसस्टँडवर. एकदा बस महूला अडली होती, तेव्हा लाल गाडी शेजारून सणसणत गेली. हे मानपूरच्या बाजूलाच निघाले होते, घाटात गाडी कशी चढते ते बघायला. त्यांनी मला पाहिलं नाही. मला रडू आलं, आणि शेजारच्या बाईने विचारलं तर मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली.

त्याच दिवशी मी बडी बहनजींना सांगितलं की माझ्याच्याने जमत नाही, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. त्या म्हणाल्या, "मेरे घर में पीछे का कमरा खाली पडा है. रह जाओ. दिवाली तक देख लो." मी त्याच आठवड्यात वळकटी नेली. मामंजी माझ्याशी बोलेनासे झाले. घरची सून परगावी एकटी राहते, लोक काय म्हणतील. हे म्हणाले, "थोड्या दिवसांचीच तर गोष्ट आहे. सीट झाली की घेऊन येतो तुला." मी सांगते, त्या खोलीत मला सुख लागलं नाही. संध्याकाळी घर आठवायचं, ह्यांची आठवण यायची, ह्यांचा राग यायचा, आणि तिन्ही एकदमच यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर सीट तयार होती. खरंच फस्क्लास. नळ्यांवर पत्र्याची झाकणी, पायाला पट्टी, साडीला जाळी. हे लहान मुलासारखे उभे होते, मी काय म्हणते ते ऐकायला. मी सीटवरून हात फिरवला, आणि मला इतकं बरं वाटलं की दिवाळीभर मी कुणावर चिडले नाही. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही मानपूरला निघालो. बडी बहनजींना भेटायचं, खोली रिकामी करायची, वळकटी मागे बांधून परत यायचं. सोमवारपासून रोज गाडीने.

आणि काय ती गाडी चालली! खोटं कशाला बोलू. महू सुटल्यावर ह्यांनी तिला मोकळी सोडली, तेव्हा दोन्ही बाजूंची गव्हाची शेतं, हवेतला गारठा, ह्यांची पाठ, सगळं मला आवडलं. ट्रक आला, हे अलगद कच्च्यात उतरले, अलगद वर आले. मी मनातल्या मनात कबूल केलं की चला, उशिरा का होईना, आली एकदाची. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या वेळी रस्त्यावर असा हात ठेवत नसत.

मानपूरच्या अलीकडे चहाला थांबलो. हे गाडीकडे बघत, बशीत चहा ओतत म्हणाले, "संध्याकाळी उजेडात हिच्यावर जी मजा आहे न, विचारू नको. म्हणून मी साहेबांना सांगून पहिली पाळी मागून घेतली. उद्यापासून."

मला आधी कळलंच नाही. "पहिली म्हणजे सकाळची?"

"हो. सातला लागते."

"अहो, मग मला सकाळी सोडणार कोण?"

ह्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटत होतं की काही तरी उत्तर असेल, काही ठरवलं असेल. ह्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, ठरवायचं काही असतं हेच ह्यांना आठवलं नव्हतं. लबाडी असती तर मी भांडले तरी असते.

"अरे यार," हे हळूच म्हणाले. "ते तर राहूनच गेलं."

शाळेच्या मागच्या घरासमोर गाडी थांबली. आवाज ऐकून आजूबाजूची पोरं धावत आली आणि कौतुकाने गाडीला गराडा घालून उभी राहिली. बडी बहनजी दारात आल्या, आधी गाडीकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तो बहनजी, कमरा खाली कर रही हो?"

मी सीटवरून उतरले, साडी झटकली.

"नहीं," मी म्हटलं. "रहूँगी."

हे तिथेच उभे होते, हातात माझी वळकटी बांधायला आणलेली दोरी. मी आत गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या धड्याचं पुस्तक काढलं. सोमवारी मी वेळेवर होते.