निविदेला लागलेलं कुंकू

नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्यांना आपल्या सरकारला काहीबाही विकण्याची भारी हौस आली होती. आमच्या साहेबाला बनारसच्या सरकारी खात्याला पाण्याचे पंप विकायचे होते. पंप उत्तम होते, पण सरकार पंप विकत घेत नाही, कागद विकत घेतं, हे त्याला कोण सांगणार? त्यासाठी त्याने मला ठेवलं. कुठल्या टेबलावर फाइल किती दिवस झोपते, एवढंच माझं ज्ञान. निविदा मंजूर झाली तर नोकरी कायम, नाहीतर घरी.

घरी म्हणजे दशाश्वमेध घाटावर, पुरोहितांच्या लाकडी तख्तावर. बाबा तिथे महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचे विधी करत. मीही तिथेच बसावं असं त्यांना वाटे. मला छत्रीखाली बसून लोकांच्या आजोबा-पणजोबांची नावं पुकारायची नव्हती. त्यामुळे वर्षभर ते माझ्या नोकरीबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

निविदेची एक अट अशी होती की लिफाफ्यावर छापील क्रमांकाशिवाय कसलीही खूण नको. कुणाचा लिफाफा आहे ते अधिकाऱ्यांना कळू नये म्हणून. गंमत म्हणजे निविदा भरणाऱ्या चारही कंपन्यांची माणसं रोज त्याच अधिकाऱ्यांबरोबर चहा पीत होती. साहेबाने लिफाफ्याला लाख लावली, शिक्का मारला, जोडावर सही केली आणि तो दिल्लीला गेला. मी लिफाफा घरी आणून कपाटात ठेवला.

सकाळी बाबांनी स्वतःच पिशवी भरून हातात दिली. "नीट जा. हो जाएगा," एवढंच म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की पिशवीत डोकावलोच नाही.

रिक्षात डोकावलो. लिफाफ्याच्या मधोमध हळदकुंकवाचं ठसठशीत बोट, लग्नाच्या पत्रिकेला लावतात तसं. मी ओल्या रुमालाने पुसायला गेलो आणि बोटाचा तळहात झाला. दुसरा लिफाफा घ्यावा तर साहेबाची सही दिल्लीत. खात्यातली निविदांची पेटी तीनला बंद होणार होती. टाकला तसाच.

साडेतीनला सगळ्यांसमोर पेटी उघडली. बाबूने आमचा लिफाफा वर धरला.

"ई का है?"

"पहचान का निशान है, साहब," माझ्या शेजारी बसलेला दुसऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला. सकाळीच माझ्या पैशाने पान खाल्लं होतं त्याने.

बाबूने लिफाफा आधी भक्तिभावाने कपाळाला लावला आणि मग बाद केला. उघडलासुद्धा नाही. मला हसू आलं आणि लगेच नोकरी आठवली.

साहेबाला फोनवर खरं सांगितलं. महिनाअखेरीपर्यंतच कामावर या, म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. बाबांचा यायला हवा होता, तोही आला नाही, याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी घाटावर गेलो. बाबा तख्त आवरत होते.

"काय झालं?"

"भाव जास्त पडला आपला."

त्यांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे आपल्याकडून काही कमी नाही पडलं ना?"

"नाही, बाबा."

पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्या शेजारी बसू लागलो. आलेल्या प्रत्येक यात्रेकरूला ते सांगत की मुलाची चांगली नोकरी एका हावरट साहेबाने घालवली. मी मान डोलवायचो.