दादाचा जनरेटर

आमच्या आईला दोन गोष्टींवाचून जगता येत नाही : ऑक्सिजनचं मशीन आणि माझा भाऊ. मशीन तिच्या उशाशी असतं, भाऊ नवी मुंबईत. मी तिच्याच घरात राहते, तिला जेवू घालते, न्हाऊ घालते, वेळेवर गोळ्या देते, आणि तरी त्या दोघांच्या पंगतीत माझं पान नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. म्हणजे, तक्रार म्हणूनच सांगते आहे. आता या वयात खोटं कशाला बोलू!

जन्मभर चुलीत फुंकर घालून घालून आईची फुप्फुसं आधीच निकामी होत आली होती. त्यात एका तापानं उरलंसुरलं नेलं. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता नाकाला नळी आणि उशाशी मशीन. मशीन विजेवर चालतं, आणि आमच्या गावातली वीज वाऱ्यावर. रेवदंड्याच्या अलीकडे आमचं गाव. सगळ्या नारळी-पोफळीच्या वाड्या. पावसाळ्यात एखादी झावळी तारांवर पडली की आख्खं गाव अंधारात. पूर्वी आम्ही मेणबत्ती लावून गप्पा मारायचो. आता लाइट गेला की मी आधी आईच्या ओठांकडे बघते. इन्व्हर्टर थोडा वेळ तग धरतो. ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर अडीअडचणीला आणून ठेवला होता, पण तो भरायला अलिबागला जावं लागतं, आणि अडचणीच्या दिवशी नेमका रस्त्यात माड आडवा पडलेला असतो.

म्हणून जनरेटर घ्यायचं ठरलं. मी अलिबागच्या दुकानात गेले. दुकानदारानं एक नुसता पेट्रोलवर चालणारा दाखवला आणि एक पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालणारा. दुसरा मला लगेच पटला. वादळात आमच्याकडचे पेट्रोल पंप आधी बंद पडतात, पण स्वयंपाकाचा सिलिंडर घरात असतोच. शिवाय वापर नसला की पेट्रोल टाकीत पडून खराब होतं, गॅसचं तसं नाही. त्यातला एक छोटा मी हेरला. दोरी ओढून बघितली, पहिल्या झटक्याला सुरू झाला. एका हातानं चाकांवर ढकलूनही बघितला. आईचं मशीन, एक पंखा, एक दिवा, याहून जास्त आम्हाला काय हवं होतं? तिथूनच दादाला फोन लावला.

"थांब, काही घेऊ नकोस," दादा म्हणाला. "तुला त्यातलं काय कळतं?"

दादाचे ट्रक आहेत. ज्याचे ट्रक असतात त्याला जगातल्या सगळ्या इंजिनांतलं कळतं, असं आमच्या घरात गृहीत आहे. मी त्याला छोट्या जनरेटरबद्दल सांगत होते, तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, "पण त्याच्यावर एसी चालेल का, विचारा ना." वहिनी वर्षातून दोनदा येते, गणपतीला आणि मे महिन्यात, आणि दोन्ही वेळा तिला उकडतं. संपलं. आईच्या श्वासासाठी घ्यायचा जनरेटर वहिनीच्या घामासाठी मोठा झाला.

टेम्पोतून आला तेव्हा तो हमालांनी "हुश्श" करत उतरवला. लाल रंगाचा, चांगला पेटीएवढा, पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालणारा. दोरीही होती आणि बटण दाबून सुरू करायची सोयही. चाकं होती, पण ती शोरूमच्या गुळगुळीत फरशीसाठी, आमच्या चिखलाच्या अंगणासाठी नव्हेत. मी ढकलून बघितला. जागचा हलला नाही.

विहिरीजवळ आमची एक खोप आहे, लाकूडफाट्याची. तिला मी आधीच नवे पत्रे घातले होते, जमीन चोपून घेतली होती, तिथून खिडकीपर्यंत वायर आणून ठेवली होती. हमालांना मी तिकडे हात केला, तर खाटेवरून आई ओरडली.

"माज्या पोरानं पाठवलेली वस्तू खोपीत? कोंबड्या हगतात तिथं! खाऱ्या वाऱ्यानं गंजून जाईल. पडवीत ठेवा, माज्या डोळ्यांसमोर."

हमालांनी म्हातारीचं ऐकलं. जनरेटर पडवीत बसला तो बसलाच. आईनं मला हळद-कुंकू आणायला लावलं, नारळ फोडायला लावला, झेंडूचा हार घालायला लावला. नव्या वस्तूची पूजा आमच्याकडे कुणी चुकवत नाही, मग ती होडी असो की मिक्सर. समोरच्या बाजूला एक पिवळा कागद चिकटवलेला होता, घराचं चित्र आणि त्यावर लाल फुली. सपाट जागा तेवढीच होती, म्हणून आईच्या सांगण्यावरून मी कुंकवाचं स्वस्तिक तिथंच काढलं.

पडवीत इंजिन चालवायचं का, याची थोडी चर्चा झाली. पेट्रोलचा वास येईल, त्यानं आईला खोकला लागेल, हे सगळ्यांनाच पटलं. मग गॅसवर चालवायचं. गॅस तर आपण रोज घरातच जाळतो, स्वयंपाकघराचं दार लावून, त्यानं कुणाला काय झालंय? हे आईनं म्हटलं, फोनवर दादानं म्हटलं आणि मलाही ते बरोबर वाटलं. आमच्या घरात तिघांचं एकमत झालेलं मला दुसऱ्या कुठल्याही बाबतीत आठवत नाही.

श्रावणात एका दुपारी लाइट गेला. पाऊस आडवा येत होता. पावसाळ्यात आम्ही पडवीला बाहेरून माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा करतो आणि त्यावर निळी ताडपत्री घट्ट बांधतो, म्हणजे झड आत येत नाही. मी सिलिंडर जोडला, बटण दाबलं, जनरेटर गुरगुरला, आईच्या उशाशी मशीनचा हिरवा दिवा लागला. आईनं हात जोडले. मला नाही, जनरेटरला.

"बघ," ती म्हणाली, "तिकडं राहून कसा आयशीची काळजी घेतो."

धूर नाही, वास नाही. मी भाकऱ्या करायला बसले. थोड्या वेळानं डोकं जड झालं. म्हटलं, उपास आहे, पित्त असेल. मग मळमळायला लागलं. भाकरी तव्यावर करपत होती आणि मला ती दिसत होती, पण उलटायला हात उचलावा असं काही वाटेना. भिंतीला टेकून बसून राहिले. आतून आई "डोका दुखतंय गो" म्हणाली, ते ऐकू आलं. नंतर तिचा आवाज आला नाही, आणि आला नाही याची मला काळजीही वाटली नाही. आजही सगळ्यात जास्त भीती मला त्या न वाटलेल्या काळजीची वाटते.

शेजारची भाभी मोबाईल चार्ज करायला आली म्हणून आम्ही वाचलो. तिचा नवरा आखातात असतो. चार्जिंग संपलं की तिचा जीव खाली-वर होतो. दार ढकलून ती आत आली आणि ओरडली, "या अल्ला, काय कोंदटलंय गो हे! तुम्ही अशा काय पडल्यात?" तिनं मला हाताला धरून फरफटत अंगणात आणलं, पावसात. मग परत जाऊन जनरेटर बंद केला, आईला पाठुंगळी मारून बाहेर काढलं. अंगणात छत्रीखाली आई निळी-राखाडी पडली होती. भाभीच्या दिराच्या रिक्षातून आम्ही अलिबाग गाठलं.

डॉक्टरांनी तोंड भरून झापलं. इंजिन पेट्रोलवर चालवा नाहीतर गॅसवर, त्यातून विषारी वायू निघतोच. त्याला ना रंग, ना वास. चूल वेगळी, इंजिन वेगळं. आणि ऑक्सिजनचं मशीन खोलीतलीच हवा ओढून घेतं, ते विष काही गाळत नाही. म्हणजे आम्ही आईला नळीनं विष पाजत होतो, तेही हार घालून. घरी आल्यावर मी ओल्या फडक्यानं ते स्वस्तिक पुसलं. खालच्या चित्राचा अर्थ आता शाळेतल्या पोरालाही कळला असता. मी तर त्यांना शिकवून निवृत्त झाले आहे.

दादाचा फोन आला. "साधं बाहेर ठेवता येत नाही तुला?"

"येऊन उचलून दाखव," मी म्हटलं.

"जमत नव्हतं तर तसं सांगायचं. जनरेटरला काही झालं नाही ना?"

मी फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आईला पेज द्यायची वेळ झाली होती.

आई बरी झाली आणि तिची जीभ तिच्याआधी बरी झाली. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती एकच गोष्ट सांगायची. "पोरानं आयशीचा जीव वाचवायला एवढा मोठा जनरेटर धाडला, आन हिनं कोंडून मला मारायला घेतलेली." हे चालू असताना मी त्या बायांना चहा देत असायचे. बाया कपावरून माझ्याकडे बघायच्या. एकीनं तर जाताना माझा हात धरून "होतं कधीकधी, कंटाळा येतो माणसाला" असं समजुतीनं सांगितलं. तिच्या मते मी खरंच मारायला घेतली होती, फक्त ती मला माफ करत होती. त्या चहात साखरेऐवजी मीठ घालावं असं मला फार वाटलं, आणि एकदा मी घातलंही.

कोळीवाड्यातल्या माणसांना बोलावून जनरेटर खोपीत नेला. तेव्हा आईनं हरकत घेतली नाही, पण एक अट घातली. दादाला फोन करायचा, त्यानं हो म्हटलं तरच जनरेटर चालू करायचा. एकदा मी न विचारता सुरू केला. खोपीतून आवाज येताच तिनं नाकातली नळी ओढून काढली, उशीखाली दडपली आणि तोंड उघडं टाकून बसली. "परत मारतेस काय गो?" तिचे डोळे खरे घाबरलेले होते, म्हणून मला तिच्यावर ओरडताही आलं नाही. दादाला फोन लागला, पलीकडून तो "हां हां, कर चालू, मी कामात आहे" म्हणाला, ते मी तिला सांगितलं, तेव्हा तिनं नळी लावली. त्यानंतर दर वेळी हेच. तो कधी गाडी चालवत असायचा, कधी जेवत असायचा. "कर चालू" एवढ्या दोन शब्दांवर माझी आई श्वास घ्यायची.

पावसाळा सरता सरता एकदा सकाळपासून वारा सुटला. लाइट गेला, दुपारी इन्व्हर्टरनंही मान टाकली. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आदल्याच आठवड्यात संपला होता. मी फोन हातात घेतला तर रेंज नव्हती. गावाचा टॉवरही विजेवरच. अंगणात गेले, विहिरीच्या कठड्यावर चढले, भाभीचा फोन बघितला. कुणाच्याच फोनला काही नव्हतं.

"लागला?" आईनं विचारलं. नळी तिच्या मुठीत होती.

"रेंज नाही गं आई. मी करते सुरू. खोपीत आहे तो, काही होत नाही."

"न्हाय. त्याला विचार."

"अगं, लागतच नाही!"

"मग... न्हाय." एकेका शब्दाला ती थांबत होती. गळ्याची कातडी आत ओढली जात होती, नखं काळवंडली होती. मूठ मात्र सुटत नव्हती. मी बोटं सोडवायला गेले तर तिनं मला नखं मारली.

मला तिचा इतका राग आला की मनात आलं, ठीक आहे, तुझ्या मनासारखं होऊ दे. मी खरं तेच सांगितलंय, लागत नाही म्हणून. आता समोर बसून बघते, लेक मोठा की हवा मोठी. मी खुर्चीवर बसलेसुद्धा. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं, मी का बसले ते. तरी मूठ उघडली नाही.

मी उठले. फोन कानाला लावला. पलीकडे काहीच नव्हतं, साधी घरघरसुद्धा नव्हती.

"हॅलो, दादा?" मी म्हणाले. "हो, आत्ता लागला. लाइट गेलेत. करू ना चालू?" थोडी थांबले, तो बोलताना थांबावं लागतं तेवढी. "हो, खोपीतच आहे. हो, गॅसवर. बरं. बरं, सांगते." मग आईकडे वळले. "नळी लावून बस म्हणतोय."

तिनं मूठ उघडली. स्वतःच्या हातानं नळी नाकाला लावली आणि आज्ञाधारक मुलीसारखी उशीला टेकून बसली.

बटणाची बॅटरी खाऱ्या हवेनं केव्हाच खाऊन टाकली होती. मी भर पावसात खोपीत जाऊन दोरी ओढत राहिले. इंजिन मोठं, दोरी जड. खांद्यात कळ भरली, तळहात सोलवटला. दादाला शिव्या घातल्या, वहिनीच्या एसीला घातल्या, आईला घातल्या. मग ते एकदाचं धडधडलं.

परत आले तेव्हा मशीनचा हिरवा दिवा लागला होता. आईच्या ओठांवर हळूहळू रंग येत होता. बोलण्याइतका श्वास जमल्यावर तिनं पहिलं विचारलं, "बरा हाय ना तो? आवाज कसा येत होता?"

"बरा आहे."

"माज्याबद्दल काय बोलला?"

मी केस पुसत होते. "आईला जप म्हणाला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं टिपत ती म्हणाली, "बोलणारच. तो हाय म्हणून मी हाय. तुज्या भरवशावर असते तर कवाच मेले असते."

"व्हय," मी म्हणाले, आणि ओलं लुगडं बदलायला आत गेले.