एक ओहोळ जास्त

माझ्या मामांइतका प्रवास केलेला आणि मामांइतकं कमी पाहिलेला माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात दुसरा सापडणार नाही. ते आग्र्याला जाऊन ताजमहाल न पाहता परतले आहेत. जगन्नाथपुरीत त्यांनी समुद्राकडे पाठ करून चहा प्यायला. म्हैसूर कसं आहे विचारलं तर सांगतात, "तिसऱ्या मजल्यावर राहतात. पाणी थंडगार. मुलगी बारावीला." एकदा न राहवून मी विचारलं, "मामा, आग्र्यापर्यंत गेलात, मग ताजमहालानं काय घोडं मारलं होतं?" माझी कीव करत ते म्हणाले, "तिथं कुणाला बोलवायचं होतं, भाच्या?"

कारण मामा प्रवास करतात तो फक्त लग्नाचं आमंत्रण द्यायला. लग्न कुणाचंही चालतं. डहाणू रोडच्या किराणावाल्याची बहीण इंदूरला, कोसबाडच्या मास्तरांचा साडू नागपुरात, तलासरीच्या शिंप्याचा भाऊ भावनगरला, असं कानावर आलं की मामा हळदीच्या तांदळाची पुरचुंडी खिशात घालून निघालेच. टपालानं पत्रिका जाते, पण माणूस येतो तो बोलावण्यावर, हे त्यांचं ठाम मत. दारात गेल्यावर आधी आमंत्रण, मग पाणी, मग बसणं, हा क्रम कधी बदलत नाही. समोरच्यानं तारीख आणि वेळ तोंडपाठ म्हणून दाखवल्याशिवाय ते उठत नाहीत. सुरतेत एकदा घराला कुलूप होतं. मामा दीड दिवस जिन्यात बसून राहिले. शेजाऱ्यांनी दोन्ही वेळ जेवू घातलं, म्हणून त्यांनाही तांदूळ दिले. ते शेजारी सहा माणसं घेऊन लग्नाला आले. तेव्हापासून मी प्रत्येक यजमानाला सांगतो, मामांना दहा घरं सांगितलीत तर स्वयंपाक पंधरा घरांचा करा.

आता, मी नेमकेपणाचा माणूस आहे, म्हणून हेही नमूद करतो की हे माझे मामा नाहीत. माझ्या आईचा आणि त्यांचा रक्ताचा, सोयरिकीचा, गावकीचा, कसलाही संबंध नाही. आमचं नातं जमलं ते मोजणीतल्या चुकीमुळे.

मामांचं घर गंजाडच्या अंगाला. ते नऊ वर्षांचे असताना त्यांच्या ताईचं लग्न ठरलं. मोठी माणसं मांडवाच्या कामात, म्हणून मामांच्या आजीनं पुरचुंडी यांच्या हातात दिली आणि वाट सांगितली: दोन ओहोळ ओलांडले की दोन ताडांखालचं घर. तिथं यांच्या वडिलांची चुलत बहीण राहायची. वर्षापूर्वीच तिचं लग्न झालं होतं. आजीनं सांगितलं ते बरोबरच होतं, पण ते पावसाळ्यातलं बरोबर. वैशाखात पहिला ओहोळ ठणठणीत कोरडा असतो. मामांनी तो मोजलाच नाही, त्यांना ती नुसती गोट्यांची वाट वाटली. ज्यात पाणी दिसलं तो पहिला, असं धरून ते दुसऱ्याच्या शोधात चालत राहिले. चूक एका ओहोळाची, पण मोटरसायकलच्या मीटरवर ती सव्वातीन किलोमीटर भरते. तिथंही दोन ताड होते. आमच्याकडे ताडांची काय कमी? ओट्यावर माझे आजोबा एकटेच होते. मामांना वाटलं, हे आत्याचे सासरे. आजोबांना वाटलं, कुणीतरी आपल्या ओळखीचं असणार. दारात आलेल्या बोलावण्याला नाही म्हणायचं नसतं, म्हणून आजोबांनी पोराला पाणी दिलं, गूळ दिला, आणि ठरल्या दिवशी घरची पाच माणसं घेऊन लग्नाला गेले. पाचांत माझी सात वर्षांची आई होती. मांडवात या पाचांना कुणीच ओळखेना, तेव्हा मामांनी त्यांना पंगतीत बसवलं आणि स्वतः दोनदा वाढलं. आई दरवर्षी भाऊबीजेला त्यांना ओवाळू लागली ती तेव्हापासून.

प्रवासाचा नाद लागला तोही त्याच दिवशी. "चुकीच्या दारातसुद्धा लोक पाणी देतात," मामा सांगतात, "मग भ्यायचं कुणाला?" सोळाव्या वर्षी तलासरीपलीकडे जाऊन त्यांनी गुजरातेत पहिलं आमंत्रण दिलं, विसाव्या वर्षी थेट कलकत्ता गाठलं.

फक्त एका दाराला ते भ्याले. आत्याला बोलावणं गेलंच नाही. वर्षभरापूर्वी नांदायला गेलेली मुलगी, आणि माहेरचं लग्न सासरच्यांना बाहेरून कळलं. त्यांनी तिला वर्षभर ऐकवलं. घरचे समजूत काढायला गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ज्याच्याकडे सांगणं दिलं होतं, त्यानं येऊन सांगावं." मामा गेले नाहीत. पुढे तर त्या बाजूची वाटच त्यांनी टाकली.

यंदा माझ्या मुलीचं लग्न निघालं. तीनशे बारा आमंत्रणं मी मोबाइलवरून अकरा मिनिटांत पाठवली. मामींनी आधीच बजावलं होतं, "गुडघे पार गेलेत त्यांचे. बारशाचं बोलावणं करायलासुद्धा पाठवू नकोस." तरी मामा आलेच.

"माझ्या वाट्याला कुठलं गाव?"

"सगळी झाली, मामा."

त्यांनी पुरचुंडी परत खिशात ठेवली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "एक घर राहिलंय, दादा. सत्तावन्न वर्षं राहिलंय."

मामांनी खिशातली पुरचुंडी चाचपली. मग म्हणाले, "ते लांब आहे."

"तुमच्या घरापासून चार किलोमीटर, मामा."

"लांब आहे रे."

रविवारी सकाळी मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवलं. कोरड्या ओहोळापाशी त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटून गाडी थांबवली आणि मोठ्यानं म्हणाले, "एक." पुढच्यात करंगळीएवढी धार होती. "दोन."

दोनांतला एक ताड आता उरलेला नाही. आत्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. मामा तिच्यापुढे उभे राहिले, आणि ज्यानं कलकत्त्यात तारखा पाठ करून घेतल्या त्याला एक तारीख आठवेना. त्यांनी नुसती पुरचुंडी पुढे धरली. आत्यानं सूप खाली ठेवलं आणि त्यांना नीट न्याहाळलं.

"ताईच्या लग्नाचं सांगायला आलास?"

मामांनी मान डोलावली.

"कुठं अडकला होतास एवढा?"

"वाट चुकलो, आत्या."

ती आत जाऊन तांब्या घेऊन आली. "पाणी पी आधी. आता कुणाचं लग्न आहे ते सांग. येते मी." तारीख अर्थातच मी सांगितली. कुणी न सांगताच तिनं ती म्हणून दाखवली.

परतताना दुसऱ्या ओहोळापाशी मामांनी पुन्हा गाडी थांबवायला लावली. उतरून एका दगडावर बसले. तिथं बोलावण्यासारखं कुणी नव्हतं. पाण्याची धार होती, दोन बगळे होते, पलीकडे करवंदीच्या जाळ्या.

"इथं बरं दिसतं रे," मामा म्हणाले.

मी गाडी बंद करून त्यांच्याशेजारी बसलो. किती वेळ, ते मोजलं नाही.