ताईच्या हातचं सूप

आईला मी माशाचं सूप पाजलं आणि जाणूनबुजून पाजलं, हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ मी गप्प राहू शकलो असतो. पण ते तेवढ्यावर थांबलं नाही, आणि ज्याच्यामुळे थांबलं नाही तो मीच होतो.

तेव्हा आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहत होतो. ताई, माझी थोरली बहीण, नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानात, टोकियोच्या कडेला. २००४च्या उन्हाळ्यात आई आधी तिच्याकडे गेली. तिथून तिला आमच्याकडे आणायला मी जायचं ठरलं. आईला एकटीने विमान बदलायची भीती वाटायची. मलाही जपान बघायचं होतं, ऑफिसातल्या लोकांसाठी काही घ्यायचं होतं.

आई साताऱ्याला शाळेत शिक्षिका होती. घरात अंडंही कधी आलेलं नाही. केक आणला तर ती आधी बेकरीवाल्याला विचारून यायची. मी मात्र अमेरिकेत आल्यापासून ऑफिसात चिकन सँडविच खायचो. तिला हे माहीत नव्हतं. तिच्याशी फोनवर बोलताना "काय जेवलास?" असं विचारलं की मी वरणभात सांगायचो.

ताईने परक्या मुलखात आईचं खाणं कसं सांभाळलं होतं ते बघण्यासारखं होतं. दुकानात प्रत्येक पाकीट उलटं करून ती मागची बारीक अक्षरं वाचायची. शंका आली की परत फळीवर. बिस्किटाच्या एका पुड्यासाठी तिने कंपनीला फोन केला होता म्हणे. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं, "इथे दिसायला शाकाहारी असलं तरी रस्सा माशाचा असतो. वाळवलेला मासा किसून उकळतात, त्याचंच पाणी. भाजीच्या सूपमध्येसुद्धा. बाहेर काही प्यायला देऊ नकोस तिला."

आईलाही तिने 'मासा' या अर्थाचं जपानी अक्षर शिकवलं होतं. आईला त्याचं फार कौतुक. रस्त्याने चालताना पाट्यांकडे बोट दाखवायची. "हा बघ मासा. खाली चार टिकल्या लावल्यात त्याला."

बाहेर निघताना ताई डबा द्यायची. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. पहिल्यांदा आम्ही तिघं एका मोठ्या दुकानात गेलो तेव्हा तिने गच्चीवरच्या बागेत बाकावर तो डबा उघडला. शेजारी टोप्या घातलेल्या दोन म्हाताऱ्या जपानी बायका नीटनेटकं काही खात होत्या. लोणच्याचा वास सुटला. त्यांनी आमच्याकडे बघून हसून मान लववली. बहुतेक आपुलकीनेच. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"ताई, अगं, पिकनिक आहे का ही?" मी म्हटलं. "जपानात येऊन दशम्या कसल्या खाता?"

"मग काय खाऊ, तुझं डोकं?" आई म्हणाली आणि माझ्या हातावर दशमी ठेवली.

निघायच्या दोन दिवस आधी ताईला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून आईला घेऊन मी एकटाच खरेदीला गेलो. डबा होताच. त्या दुकानाच्या तळघरात खाण्याच्या वस्तूंचा नुसता बाजार असतो. काचेखाली रांगोळीसारख्या मांडलेल्या मिठाया, टूथपिकला टोचून पुढे केलेले नमुने, आणि प्रत्येक काउंटरवर वाकून स्वागत. माझ्या बॉससाठी मिठाईचा कुठला खोका चांगला दिसेल यात मी बराच वेळ घालवला. एकेक खोका काउंटरवरची मुलगी इतक्या सफाईने कागदात बांधायची की आई भान हरपून बघत राहिली. "हा कागद फाडू नका म्हणावं तुझ्या साहेबाला. वहीला घालायला किती छान आहे."

दुपार टळली तेव्हा आईला भूक लागली. "वर गच्चीवर जाऊ या," ती म्हणाली.

मला ते बाक आठवलं. "आई, आज बाहेर खाऊ. डबा ट्रेनमध्ये खाऊ नाहीतर घरी."

"ताईने उठून केलंय रे."

"रोज तेच. एक दिवस तरी इथलं खा."

सगळ्यात वरच्या मजल्यावर हॉटेलं होती. बाहेर काचेत जेवणाच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. एका वाडग्यात जाड शेवया, वर तळलेल्या सोया पनीरचा पिवळा तुकडा आणि कांद्याची पात. उदोन. मासा कुठे दिसत नव्हता. आई काचेला नाक लावून खालची पाटी वाचायला लागली. पुन्हा पुन्हा तपासलं तिने. मग शाळेतल्या मुलीसारखी खूश होऊन म्हणाली, "माशाचं अक्षर नाहीये रे कुठे!"

त्या क्षणी मी तिला थांबवू शकलो असतो. ताईचे शब्द मला स्पष्ट आठवत होते. मी म्हटलं, "तेच तर. चल."

आत गेल्यावर वेट्रेसला काही न विचारता मी दोन बोटं दाखवली. मुद्दामच विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर कळलं असतं.

आईने आधी शेवया खाल्ल्या, सांडत, हसत. मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून रस्सा प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत. कपाळावर घाम आला होता. "काय सार आहे रे! फोडणी नाही, तिखट नाही, तरी अंगाला लागतंय. ताईला सांगते करायला."

मला त्या वेळी वाईट वाटलं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. खरं सांगायचं तर बरं वाटलं. मी इतकी वर्षं एकटाच चोरून खात होतो. आता आई माझ्या बाजूला आली होती आणि ते तिला माहीत नव्हतं. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच होतं.

घरी आल्यावर ताईने पिशवीतून भरलेला डबा काढला. "अरे, खाल्लं नाहीत?" आईने उत्साहाने सगळं सांगितलं. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा ताई मागोमाग आली.

"तिथला रस्सा माशाचा असतो. सांगितलं होतं ना मी तुला?"

"विचारलं मी. त्यांनी वेगळं व्हेज करून दिलं."

"तुझं इंग्रजी कळलं त्यांना?"

"कळलं म्हणजे काय! मॅनेजर आला होता."

मॅनेजर वगैरे कोणी आलं नव्हतं. ताईने माझ्याकडे क्षणभर बघितलं. तिचा गाल अजून सुजलेला होता. मग ती मनापासून म्हणाली, "बरं झालं बाई. मला विचारायचं सुचलंच नाही कधी. नुसत्या दशम्या खाऊन कंटाळली असेल ती."

दुसऱ्या दिवशी तिने समुद्रातलं शेवाळ आणि वाळलेले मश्रूम रात्रभर भिजवून त्या पाण्याचं सूप केलं. आईने ते वाडगाभर घेतलं. "छान झालंय," ती म्हणाली. "पण ते नाही गं हे." ताईचा चेहरा पडला. मी शेवया खात राहिलो.

मग आम्ही अमेरिकेला आलो.

त्या वर्षी गणपतीत आमच्या ओळखीच्या एका घरी रविवारी दुपारचं जेवण होतं. पिस्कॅटवेच्या विद्यापीठात शिकणारी मुलं आली होती, ती सोफ्याजवळ खाली बसून मोदकांवर तुटून पडली होती. आई बायकांमध्ये बसून जपानचं वर्णन करत होती. सूप, त्या शेवया, ते अक्षर. तिथे नवऱ्याबरोबर तीन वर्षं जपानात राहून आलेली एक बाई होती. ती खदखदून हसली.

"अहो काकू, उदोन प्यायलात? मग मासा प्यायलात म्हणा ना! तिथे पाण्यालासुद्धा माशाचा वास."

सगळे हसले. आईही हसली. ताटातला मोदक तिने अर्धाच खाल्ला.

गाडीत ती बाहेर बघत होती. घरी पोचल्यावर बायको आणि मुलगी आत गेल्या. आई गॅरेजमध्येच उभी राहिली, पर्स छातीशी धरून.

"तू विचारलं होतंस ना रे, त्या हॉटेलात?"

"हो, आई. विचारूनच घेतलं."

"मग ती असं का म्हणाली?"

ती माझ्याकडे बघत होती. मला त्या नजरेतून सुटायचं होतं. तेवढंच. मी म्हटलं, "हॉटेलातलं मी बघितलं. ताईकडच्या सूपचं मला काय माहीत? तुला ती चव हवी होती ना, म्हणून तिने बाटलीतलं काही घातलं असेल. इतकी बारीक अक्षरं, एखाद वेळी वाचायची राहतात."

आई म्हणाली, "हं." एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने निर्जळी उपास केला. कशाचा ते कोणी विचारलं नाही. ताईशी ती फोनवर पूर्वीसारखीच बोलायची, म्हणून मी मनाची समजूत घातली की विषय संपला.

दोन वर्षांनी आई परत आमच्याकडे आली, तेव्हा तिला भेटायला ताई जपानहून आली. बॅगेत कपडे कमी आणि पाकिटं जास्त. टेबलावर ती एकेक काढून ठेवायला लागली. शेवाळाच्या पट्ट्या, मश्रूम, भाजलेल्या सोयाबीनची पुडी.

"आई, जमलं!" ती म्हणाली. "तुला हवी होती ती चव. किती दिवस खटपट करत होते. यात काही काही नाही, सगळं झाडाचं नाहीतर पाण्यातलं."

आईने पाकिटांवरून हात फिरवला. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी ताईने सकाळपासून सूप केलं. चार वाडगे मांडले. आई खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला नको गं. आज माझा उपास आहे."

"आजी, यू आर फास्टिंग?" माझी मुलगी म्हणाली. "बट यू एट चिवडा!"

"आजचा चिवडा चालतो," आई म्हणाली. बायकोने मुलीला डोळ्यांनी दटावलं. ताई ओगराळं हातात धरून उभी होती.

त्यापुढे रोज काही ना काही निघालं. पोट बरं नाही, सोमवार आहे, भूकच नाही. बायकोच्या हातची पोळी ती खायची. ताईने लाटलेली मात्र ताटाच्या कडेला तशीच राहायची. आई कोणाला टाकून बोलणारी नव्हती. तिने ताईला दोष दिला नाही, विचारलंही नाही. पोरीने प्रेमापोटी केलं असेल, असंच तिने धरलं असणार. फक्त त्या हातचं खायचं नाही एवढं मनाशी ठरवलं.

एके दिवशी मी ताईला किराणा दुकानात घेऊन जात होतो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "आई माझ्यावर का रागावलीय रे?"

सिग्नल लांबलचक होता. सांगायला पुरेसा वेळ होता.

"वय झालंय तिचं," मी म्हटलं. "माझ्यावरही चिडते."

"तुझ्या घरी जेवते ती."

"ताई, उगाच काहीतरी मनात घेऊ नकोस, यार." यार म्हटलं मी माझ्या मोठ्या बहिणीला. दुकानात तिने आईसाठी राजगिऱ्याचे लाडू घेतले, बंद पाकिटातले. कारखान्यात झालेले तरी खाईल म्हणून.

ताईने आमच्याकडे केलेलं ते सूप आईने घेतलं नव्हतं, ते मी प्यायलो. तिचा आणि माझा, दोन्ही वाडगे. ताईला खरंच जमलं होतं. तीच चव होती, अगदी तीच. आईला ती हवी होती, आणि तिच्या मुलीने मासा न घालता ती करून दाखवली होती. हे सांगू शकणारा माणूस त्या टेबलावर मी एकटाच होतो. मी म्हटलं, "मस्त झालंय."

२००८मध्ये आई साताऱ्याच्या घरी वारली. ताई आणि मी, दोघं पोचलो. तेराव्याच्या स्वयंपाकाला घरच्या बायका जमल्या तेव्हा मावशी ताईला म्हणाली, "खीर तू कर गं. लेकीच्या हातची."

ताई म्हणाली, "नको, मावशी. माझ्या हातचं तिला चालायचं नाही."

मावशीला वाटलं, दुःखात बोलतेय. तिने ताईच्या पाठीवरून हात फिरवला. मी दारात उभा होतो. ताईने वर बघितलं तेव्हा मी चपला घालून अंगणात गेलो, पत्रावळी मोजायला.

ताई अजून जपानात आहे. दर दिवाळीला तिच्याकडून खोका येतो. तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, गोड मिठाया, तिने स्वतः प्रत्येक पाकिटाच्या मागचं वाचून निवडलेल्या. मी आता काय काय खातो हे तिला ठाऊक आहे, तरी ती माझ्यासाठीही वाचते. मी फोन करून पोचल्याचं सांगतो. ती विचारते, "अजून काय?" मी म्हणतो, "काही नाही."

हे सांगणं मी तिचं देणं लागतो: आईला मासा मी पाजला, नाव तुझं घेतलं, आणि शेवटपर्यंत ती तुझ्या हातचं जेवली नाही ते माझ्यामुळे. ते देणं मी अजून फेडलेलं नाही.