गयाबाईच्या पदराची गाठ

मंडळी, आधीच सांगून टाकते — असले अनुभव ऐकवणाऱ्यांना गोळ्या लिहून देणं हाच माझा धंदा आहे. बीडमध्ये मानसोपचाराचा दवाखाना चालवते, तीस वर्षं होत आली. करणी, भानामती, अंगात येणं... सगळं ऐकून झालंय. विश्वास मात्र रतीभर नाही. उलट आधी भगताकडे जाऊन मग माझ्याकडे येणाऱ्यांना मी चांगलीच फैलावर घेते. तोंडाची मी फटकळच. आता हे लिहिताना लाज वाटतेय, पण ती भुताखेतांवर लिहिते म्हणून नाही. वेगळ्याच गोष्टीची आहे.

मी जन्माने बंगाली. खुलन्याकडची, म्हणजे आताच्या बांगलादेशातली. एकाहत्तरच्या युद्धात आई मला घेऊन सरहद्द ओलांडून आली, तेव्हा मी सहा वर्षांची होते. वडील मागे राहिले ते राहिलेच. आधी निर्वासितांची छावणी, मग चंद्रपूरकडे मामाच्या वस्तीवर. तिथे आमच्यासारखी बरीच कुटुंबं आहेत. मराठी शाळेत शिकले, डॉक्टर झाले. मानसोपचारच का घेतलं, असं लोक विचारतात. छावणीत माझी आई कितीतरी महिने एक शब्द बोलली नव्हती, आणि डॉक्टर तिची जीभ तपासून निघून जायचे. एवढंच कारण.

बीडला आल्यावर मात्र मी बंगाल गिळून टाकला. एसटी स्टँडपासून मुतारीपर्यंत जिथे बघावं तिथे 'बंगाली बाबा'ची पोस्टर्स — वशीकरण, करणी, सवतीचा बंदोबस्त! इकडे बंगाली म्हणजे जादूटोणा, हे ठरलेलं. त्यात डोक्याची डॉक्टर बंगाली निघाली, तर झालंच मग! कुणी गाव विचारलं की मी चंद्रपूर म्हणायची. आईलाही ताकीद होती, पेशंटसमोर बंगाली बोलायचं नाही. ती बिचारी दवाखान्याच्या ओट्यावर बसून मोडक्यातोडक्या मराठीत बायाबापड्यांची विचारपूस करायची. मागच्या वर्षी गेली.

तर यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भरदुपारी धारूरच्या डोंगराकडचा भानुदास नावाचा मेंढपाळ बायकोला जीपमधून अक्षरशः उचलून घेऊन आला. गयाबाई, चाळिशीची. मेंढरं वळता वळता रानातच मटकन खाली बसली आणि तेव्हापासून बोलणं नाही, खाणं नाही, पाण्याचा घोट नाही, असं त्याने सांगितलं. तिचा हात उचलून धरला, की सोडल्यावरही तसाच अधांतरी राहायचा. ओठ सुकून फुटले होते. निदान अवघड नव्हतं, मनाच्या आजारात शरीर असं थिजून जातं; पण पोटात पाणी नाही गेलं तर असा पेशंट हातचा जातो. मी म्हटलं, ताबडतोब ॲडमिट करा, सलाइन आणि इंजेक्शन सुरू करते.

भानुदास काही हलेना. दोन भगत करून झाले होते, आणि आता त्याला माझ्याकडून भलतंच हवं होतं.

"सुई नगं बाई," तो म्हणाला. "तुमची बंगालची विद्या करा. तेच्यासाठीच तर इतक्या लांब आलोय."

हे कुणी सांगितलं, मी विचारलं. तर मागे कधीतरी तो भावाला घेऊन माझ्याकडे आला होता, तेव्हा आईशी ओट्यावर गप्पा झाल्या होत्या म्हणे. "तुमच्या आईच म्हनल्या, आमी बंगालच्या हाय. लढाईत पळून आलो."

बाहेरच्या बाकावर पेशंट कान टवकारून बसलेले. माझं डोकंच फिरलं. मी त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, तिला म्हातारपणी भ्रम झाला होता. कसला बंगाल आणि कसली लढाई!"

धडधडीत खोटं. आईचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. तिच्या जन्मातली सगळ्यात खरी गोष्ट मी, तिच्या पोटच्या पोरीने, डॉक्टरकीच्या तोऱ्यात वेड ठरवून टाकली. कुणा परक्याच्या आईबद्दलही मी कधी असं केलं नव्हतं. लाज वाटते ती याची.

तेव्हा गयाबाईची नाडी बघायला मी तिचा हात धरलेला होता. तो माझ्या पकडीतून सुटला. इतका वेळ लाकडासारखी बसलेली ती बाई... तिने स्वतःचा पदर ओढला, माझ्या मनगटाला वेढा दिला, गाठ मारली. उरलेलं टोक माझ्या मुठीत कोंबलं आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. मग दाराकडे बघत, अगदी हळू म्हणाली, "आता रडू नगं. पल्याड गेल्यावर रड."

मंडळी, एकाहत्तर साली सरहद्दीकडे पळताना नदीकाठच्या गवतात आम्ही लपलो होतो. जवळपास सैनिक होते. बाबा दिसेनात म्हणून मी भोकाड पसरायच्या बेतात होते. तेव्हा आईने पदर माझ्या मनगटाला अस्साच बांधला होता, सुटला तर मला कळावं म्हणून टोक मुठीत दिलं होतं, आणि ती हेच म्हणाली होती. बंगालीत. पलीकडे पोचल्यावर मी रडले नाही, पुढेही त्याबद्दल कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. आई तर त्या दिवसाबद्दल माझ्याशीही कधी बोलली नाही.

भानुदास भिंतीला टेकला होता, पांढराफटक. मनगट तसंच बांधलेलं ठेवून मी त्याच्याकडे वळले. म्हटलं, "माझी आई खरं बोलली होती. मी बंगालचीच. पण विद्याबिद्या मला येत नाही, मला सुईच येते. राहू द्या हिला." यावर तो मुकाट कबूल झाला. गाठ सिस्टरने सोडवली.

गयाबाई वाचली. इंजेक्शनं लागू पडली, दोन-तीन दिवसांत भाकर मागायला लागली. अशा आजारात पेशंट मधेच हालचाल करतो, चार शब्द बोलतो, हे आमच्या पुस्तकात आहे. पण हेच शब्द? मी भानुदासला खोदून खोदून विचारलं. आई त्याच्याशी जे बोलली ते तेवढंच, आणि गयाबाई तर त्याआधी बीडला कधी आलेलीच नव्हती. आजतागायत माझ्याकडे याचं उत्तर नाही. असेल कुणाकडे तर सांगा... नका सांगू.

घरी जायच्या दिवशी ती पिशवी भरत होती, खोलीत आम्ही दोघीच. आडून आडून विचारलं, तर तिला काहीच आठवत नव्हतं. मग मी जे केलं ते कुणी पाहिलं असतं तर मलाच गोळ्या लिहून दिल्या असत्या. साठी उलटलेली डॉक्टर मी, गुपचूप तिच्यापुढे मनगट धरून उभी राहिले.

गयाबाईने हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कावून बाई, हात दुखतोय का?" म्हणाली, आणि तेल आहे का विचारत चोळायला बसली.