मापाचं तणस

वैनी गेल्याचा निरोप एसटीच्या कंडक्टरनं आणला. लाखनीच्या हमरस्त्यावर माझं किराणा दुकान आहे, त्यामुळे वैनीच्या गावचे, एकोडीचे निरोप तिथंच उतरतात. "तुमची वैनी सकारी गेली. अन् घोडी कोनालेच जवळ येऊ देऊन नाही राहिली," एवढं बोलून तो पुन्हा गाडीत चढला. मी तागडी हातात धरून तसाच बसलो… माझ्या भावाच्या मागे तिला माणूस म्हणून मी होतो, आणि मीही महिन्यातून एकदा जाणारा. रोजची सोबत त्या घोडीचीच.

भाऊ टट्टूवर कापडाचे गठ्ठे टाकून आठवडी बाजार करायचा. जुनं टट्टू थकलं म्हणून आणीबाणी उठली त्या वर्षी त्यानं एक शिंगरू आणलं, तारा. तिच्या पाठीवर गठ्ठा चढायच्या आधी भाऊच गेला. लेकरूबाळ नव्हतं. लोक म्हणाले, विकून टाका. वैनी म्हणाली, "राहू द्या भाऊजी, घरात कोनाचा तरी आवाज पायजे." पुढे मी पाहायचो, ती भात दोघांचाच रांधायची. भावाच्या वाटचा भात, वर कोंडा आणि गुळाचा खडा, असं ताराच्या घमेल्यात पडायचं. शिवाय दिवसभर तलावाच्या पाळीवरचं कोवळं पावसाळी गवत. तारा अशी सुटली की मानेवर मांसाची वळकटी आली. गाव कौतुक करायचं. मीही म्हटलं, "वैनी, तुमी वाळल्या अन् घोडी माहेरवाशीण झाली."

श्रावणात एका सकाळी तारा जागची हलेना. पुढचे पाय ताणून, सगळा भार मागे घेऊन थरथरत उभी. खुरं हाताला चटका बसेल अशी तापलेली. साकोलीहून गुरांचे डॉक्टर आणले. ते म्हणाले, हे अति खाण्यानं झालं. भात, कोंडा, गूळ बंद, हिरवं गवतही बंद. धानाचं तणस, म्हणजे वाळका पेंढा, भिजवून द्या, तेही मापात. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला लागल्या पाहिजेत, नाही तर घोडी पायांतून जाईल. वैनीनं एकच विचारलं, "मंग मी तिले देऊ काय?" त्यांना वाटलं, ती चाऱ्याचं विचारते आहे. त्यांनी पुन्हा तणसच सांगितलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. तारा रिकामं घमेलं दातांत धरून आपटायची आणि वैनी आत दाराला पाठ लावून बसायची. "नवरा खाल्ला, आता घोडीले खाऊन राहिली," असं शेजारणी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायच्या. कोणी पुण्य म्हणून कुडावरून भाताचा गोळा टाकायचं, तो वैनी चिखलातून वेचून काढायची. तारा चालायला लागल्यावर तिनं दोरीचं मुसकं विणलं, मळणीत बैलांच्या तोंडाला बांधतात तसं. खाली बोटभर भोक, त्यातून काडी-दोन काडी गवत तोंडात जावं एवढंच. ते बांधून ती ताराला पाळीवर न्यायची. लोक हसायचे. "हसू द्या," ती म्हणायची. "पाय गेल्यावर तिले उचलाले कोनी येनार हाय का?"

दिवाळीपर्यंत तारा नीट चालू लागली. मी भाऊबीजेला गेलो तर वैनी चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "भाऊजी, आता एकाच जिवाचा भात रांधतो. गंज लय मोठा वाटते." आणि रडायला लागली. भाऊ गेला तेव्हा ती रडली नव्हती. मी तो गंज, भाताचं मोठं पातेलं, उचलून बाजूला ठेवला.

नंतर सगळी वर्षं तिनं ते माप मोडलं नाही. तेरवीला पंगत बसली तेव्हा एक म्हातारी पत्रावळीवर बुंदी घेऊन घोडीकडे निघाली. "आजच्या दिवस तरी पोटभर खाऊ दे तिले." मी पत्रावळ काढून घेतली. कोणीतरी मागून बोललंच, "हाही वैनीवानीच." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण गोठ्यात पाहिलं तर सकाळचं तणस जसंच्या तसं पडलेलं.

तारा आता दुकानामागे असते. रोज सकाळी मी वैनीच्या मापानं तणस भिजवतो. ती हुंगते आणि एकोडीच्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहते. परवा मी पहिल्यांदाच तिच्यापुढे गुळाचा खडा धरला. "खा बाई," म्हटलं. तिनं तोही हातावरच राहू दिला.